पंचनाम्यावरची माझी सही आणि मी न ऐकलेली कबुली

खोपटकर | रविवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. हे लिहीन लिहीन म्हणत बरीच वर्षं गेली. आज बसलोच.

मी ठाण्यात एका सरकारी कार्यालयात कारकून होतो, आता निवृत्त आहे. सरकारी नोकराला पंच म्हणून पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं, हे नोकरीतल्यांना ठाऊक असेल. साहेब म्हणतात, "जाऊन या, दोन तासांचं काम आहे," आणि आपण जातो. मीही गेलो. गुन्हा खुनाचा होता. साल आणि पोलीस ठाणं सांगत नाही, कारण त्यातली माणसं अजून इथेच आसपास राहतात.

आरोपी बाकड्यावर बसला होता. पंचविशीचा, बांधकामावर काम करणारा मुलगा. आम्ही दोघे पंच आत गेलो, चहा आला. टेबलावर कागद तयार होता. "मी माझ्या राजीखुशीने सांगतो की, गुन्ह्यात वापरलेला कोयता मी खाडीलगतच्या झुडपात लपवून ठेवला असून तो काढून देण्यास तयार आहे." साहेबांनी त्याला विचारलं, "काय रे, दाखवणार ना?" त्याने मान हलवली. आम्ही सह्या केल्या. मग जीपमधून खाडीकडे निघालो. जीप कुठे थांबवायची हे ड्रायव्हरला कोणी सांगितलं नाही, त्याला ते आधीच माहीत होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. अर्थ लागला तो घरी आल्यावर, पानावर बसलो तेव्हा.

कोयता सापडला. पुढचा पंचनामा बोनेटवर कागद ठेवून लिहिला गेला. पुन्हा सह्या झाल्या.

तीन वर्षांनी सत्र न्यायालयात साक्ष झाली. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "हे सगळं आरोपी तुमच्यासमोर बोलला का?" मी म्हणालो, "होय." तो बोलला नव्हता, त्याने मान हलवली होती. त्याला जन्मठेप झाली. उच्च न्यायालयातून सुटायला आणखी सहा वर्षं लागली. पेपरात दोन ओळींची बातमी आली होती, ती मी कापून ठेवली आहे.

त्याने खून केला होता की नाही, मला माहीत नाही. पण शपथेवर जे ऐकलं म्हणून सांगितलं, ते मी ऐकलं नव्हतं, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो. लंडनचा टिमथी इव्हान्स मनातून जात नाही. १९४९ साली त्याची बायको आणि तान्ही मुलगी मारली गेली. जेमतेम वाचता येणाऱ्या या माणसाने आधी उलटसुलट जबाब दिले आणि शेवटी पोलिसांसमोर दोन्ही खून कबूल केले. खटल्यात त्याने खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे, ख्रिस्टीकडे बोट दाखवलं. तोच ख्रिस्टी सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार होता. इव्हान्सला ९ मार्च १९५० ला फाशी दिलं. तीन वर्षांनी त्याच घरात ख्रिस्टीने मारलेल्या बायकांची प्रेतं सापडली. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ मध्ये, मेल्यावर सोळा वर्षांनी.

'चोर सोडून संन्याशाला फाशी' असं आपण येता-जाता म्हणतो. पण संन्याशाने स्वतःच 'मी चोर' म्हणून सांगितलं असेल तर? माणूस असं का सांगत असेल? जाणकारांनी लिहावं.

---

कोर्टनाका | रविवार, रात्री ११:३५

काका, मी ठाणे सत्र न्यायालयात बचाव पक्षाची कामं करते. तुम्ही लिहिलंत तसं मी उलटतपासणीत कितीदा तरी पाहिलं आहे. पंच 'होय' म्हणतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की 'नाही' म्हणायचं होतं.

कायदा आधी सांगते, कारण यातली गोम तिथेच आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यातला, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. आपले पोलीस कबुली कशी मिळवतात हे इंग्रजांना पक्कं माहीत होतं. कलम २५ म्हणायचं, पोलिसांना दिलेली कबुली चालणार नाही. कलम २६ म्हणायचं, कोठडीत असताना दिलेलीही नाही, समोर मॅजिस्ट्रेट असेल तरच. आणि कलम २७ ने एक दार किलकिलं ठेवलं: कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू किंवा गोष्ट उघडकीला आली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग वाचता येईल. १ जुलै २०२४ पासून हे सगळं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलं आहे, तत्त्व तेच.

'तेवढाच भाग' म्हणजे केवढा, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, १९४६ च्या पुलुकुरी कोटय्या खटल्यात सांगितलं. समजा, आरोपी म्हणाला, 'मी कोयत्याने मारलं आणि कोयता झुडपात लपवला.' यातलं 'लपवला, दाखवतो' एवढंच कोर्टात यायला हवं, 'मारलं' गाळायचं. पण न्यायाधीशही माणूस असतो. कोयता टेबलावर आला की गाळलेलं वाक्य खोलीत घुमत राहतं.

म्हणून गुन्ह्यात दुसरं काही हाती नसेल तेव्हा सगळी मदार या एका पंचनाम्यावर येते. आणि तो उभा राहतो दोन सामान्य माणसांच्या सह्यांवर. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामानंद खटल्यात यावर सविस्तर लिहिलं: पंच पोलीस ठाण्यात हजर असताना आरोपीने जे सांगितलं, ते शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहायला हवं. 'राजीखुशीने' हा शब्द बांधकामावरच्या पंचवीस वर्षांच्या मुलाच्या तोंडी कुठून येणार?

---

कडक_चहा | सोमवार, सकाळी ७:५०

खोपटकर, तुमच्या मनाला लागलं हे समजू शकतो. पण चित्र एकतर्फी होतंय. कर नाही त्याला डर कशाला? मला कोणी कितीही मारलं तरी न केलेला खून मी केला म्हणून सांगणार नाही. खून आहे तो, पाकीटमारी नाही. आणि इतकी शंका असेल तर नार्को टेस्ट करा, दूध का दूध होईल.

---

कोर्टनाका | सोमवार, सकाळी ९:१५

नार्कोबद्दल एवढंच: २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीशिवाय नार्को, ब्रेन मॅपिंग, लाय डिटेक्टर करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कोणावरही करता येत नाही. आणि औषधाच्या गुंगीत माणूस खरंच बोलतो, असं काही नाही. तो नुसता बोलतो. बाकीचं मानसशास्त्राच्या माणसाने सांगावं. निघते, कोर्ट आहे.

---

मनवेध | सोमवार, दुपारी २:०५

वाशीत समुपदेशन करते. कडक_चहा यांचं वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतं, माझ्याही होतं. 'मी नाही सांगणार.' पण हे आपण घरात बसून, पोट भरलेलं असताना, रात्रभर झोप झालेली असताना म्हणतो.

चौकशीच्या खोलीत माणूस एकटा असतो. झोप नाही, बायकोला फोन नाही, बाहेर दिवस आहे की रात्र कळत नाही. समोरचा दहाव्यांदा तेच विचारतो आणि प्रत्येक 'नाही' वर चिडतो. अशा वेळी मन फार जवळचा हिशेब करतं. 'हो' म्हटलं तर हे आत्ता थांबेल. खटला, शिक्षा हे सगळं नंतरचं, तेव्हा कोर्टात सांगू खरं काय ते. आणि निर्दोष माणूस तर हा हिशेब जास्तच सहज करतो, कारण त्याला मनापासून वाटतं की आपण काही केलेलं नाही, मग पुरावा कुठून येणार? म्हणजे 'कर नाही त्याला डर कशाला' या म्हणीवर विश्वास ठेवणाराच लवकर अडकतो. तो वकील मागत नाही, गप्प राहत नाही, बोलत सुटतो.

अमेरिकेतले सॉल कॅसिन हे मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर यावर काम करत आले. १९९६ चा त्यांचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना संगणकावर टाइप करायला बसवलं आणि बजावलं, अमुक कळ दाबू नका, यंत्र बंद पडेल. थोड्या वेळाने यंत्र मुद्दाम बंद पाडलं आणि आळ विद्यार्थ्यावर घेतला. कळ कोणीही दाबली नव्हती. तरी ६९ टक्क्यांनी कबुलीवर सही केली. २८ टक्क्यांना आपणच दाबली असं खरोखर वाटायला लागलं. ९ टक्क्यांनी तर कशी दाबली याचे तपशीलही सांगितले. हे सगळं मारहाण न करता, काही मिनिटांत.

माझ्यासाठी सर्वांत भयंकर हे शेवटचे नऊ टक्के आहेत. आइसलँडमध्ये १९७४ साली दोन माणसं बेपत्ता झाली. प्रेतं आजतागायत सापडलेली नाहीत. सहा तरुणांना दोषी ठरवलं गेलं, सगळे कबुलीवर. काहींना महिनोन्महिने एकांत कोठडीत ठेवलं होतं, एकाला तर सहाशेहून अधिक दिवस. त्यांना स्वतःच्या आठवणींचाच भरवसा उरला नाही. 'केलं नसेल तर पोलीस इतकं खात्रीने कसं म्हणतील?' इथपर्यंत मन येतं. गिस्ली गुडयॉनसन हा एकेकाळी रेक्याविकचाच पोलीस. पुढे तो मानसशास्त्रज्ञ झाला, आणि स्वतःच्या स्मृतीवरचा विश्वास उडण्याच्या या अवस्थेचा त्याने अभ्यास केला. त्या सहांपैकी पाच जणांना खून-प्रकरणातून निर्दोष ठरवलं गेलं ते सप्टेंबर २०१८ मध्ये. तोवर दोघं वारले होते.

---

निवृत्त_खाकी | सोमवार, रात्री ९:२०

ठाणे जिल्ह्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. हा धागा दोनदा वाचून गेलो, मग लिहायचं ठरवलं.

मंडळी, 'चौदावं रत्न' हा शब्द आपल्या भाषेत कुठून आला? पोलिसांनी एकट्याने आणला नाही. पेपरवाले कौतुकाने छापायचे, 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला.' लोक वाचून म्हणायचे, बरं झालं. चोरी झालेल्या घरातला माणूस आम्हाला येऊन सांगायचा, "साहेब, मोलकरणीला दोन ठेवून द्या, लगेच बोलेल." आम्ही काय आभाळातून पडलो होतो? याच समाजातले आम्ही.

खून झाला की पहिल्या दिवसापासून वरून फोन. 'डिटेक्ट झाला का?' चौथ्या दिवशी मोर्चा. रिमांड सात दिवसांची मिळाली की घड्याळ सुरू. आरोपीला उद्या मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं आणि हातात काही नाही, मग जे सोपं ते होतं. मी केलं का? शिपाई होतो तेव्हा दरवाजा धरून उभा राहिलो आहे. आतला आवाज ऐकला आहे. एवढं सांगतो, पुढचं विचारू नका.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझ्या चांगल्या साहेबांवर अन्याय होईल. आमचे एक साहेब होते, संशयिताला खुर्ची द्यायचे, जेवण द्यायचे आणि तो सांगेल ते सगळं लिहून घ्यायचे, खोटंसुद्धा. मग आम्हाला पाठवायचे, जा, हा म्हणतो त्या वेळी कल्याण स्टेशनला होता, तिथला चहावाला शोधा. एकदा खरोखरच चहावाला सापडला आणि आमचा पक्का वाटणारा आरोपी सुटला. खरा महिनाभराने उत्तर प्रदेशात मिळाला. पहिल्याला मारला असता तर त्याने कबूल केलंच असतं, आणि दुसऱ्याला कोणी शोधलाच नसता.

खोपटकर, ड्रायव्हरला जागा माहीत होती हे तुम्ही लिहिलंत. कधी आरोपीने आधी सांगितलेलं असतं आणि पंच नंतर बोलावतात, म्हणजे वस्तू खरी पण कागद उलटा. कधी वस्तूच 'ठेवलेली' असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून पंचाने ऐकायला हवं हो. त्यासाठीच तर तो असतो.

---

अनघा_कळवा | सोमवार, रात्री ११:५५

सगळं वाचलं. राग येतोय, आणि कोणाचा ते कळत नाही.

माझ्या मामांचा खून झाला त्याला चौदा वर्षं झाली. चार दिवसांत पोलिसांनी एकाला पकडलं. पेपरात मथळा आला, 'आरोपीची गुन्ह्याची कबुली'. आजीने तो पेपर देवघरात ठेवला होता. पाच वर्षांनी तो माणूस सुटला. पुरावा नाही, पंच फितूर, जप्ती संशयास्पद. आजी तेव्हा हयात होती. ती मला विचारायची, "कबूल केलं होतं ना त्याने? मग सुटला कसा?" मी काय सांगणार होते?

तुम्ही सगळे आरोपीचा विचार करताय, करा. पण आमच्यासारख्यांना कोण विचारतं?

---

कोर्टनाका | मंगळवार, सकाळी ८:३०

अनघाताई, तुमची पोस्ट वाचून काय लिहावं ते रात्रभर सुचलं नाही.

कोणाचा राग धरायचा याबद्दल मला जे वाटतं ते लिहिते. तुमच्या आजींना त्या मथळ्याने फसवलं. 'कबुली' हा शब्द छापला तेव्हाच कायद्याच्या लेखी तो कागद शून्य किमतीचा होता, आणि ते तपास करणाऱ्यांना ठाऊक होतं. कबुली मिळाली म्हणून तपास तिथेच थांबला असेल, तर तुमच्या मामांना न्याय मिळायची वाट त्या चौथ्या दिवशीच बंद झाली, पाच वर्षांनी नाही.

निठारीचंच घ्या. नोएडातल्या त्या गावातली मुलं २००५-०६ मध्ये मारली गेली. त्यातला आरोपी सुरेंद्र कोली, त्याची कबुली तर मॅजिस्ट्रेटसमोरची होती, कायद्याने चालणारी. पण ती साठ दिवसांच्या पोलीस कोठडीनंतरची होती. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती नाकारली आणि बारा खटल्यांत त्याला सोडलं. उरलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सोडलं. त्या मुलांना कोणी मारलं, याचं उत्तर त्यांच्या आईवडिलांकडे आजही नाही.

आणि आपल्या इथलं: ११ जुलै २००६ चे लोकल बॉम्बस्फोट. १८९ माणसं गेली, एक डबा आपल्या जिल्ह्यातल्या मीरा रोडजवळ फुटला. मोक्का कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते, तशा कबुल्या खटल्यात वापरल्या गेल्या. २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्या कबुल्या छळातून आलेल्या आणि एकमेकींशी संशय यावा इतक्या जुळणाऱ्या असल्याचं म्हटलं. बारातला एक जण तोवर तुरुंगात वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलेलं नाही, पण हा निकाल दाखला म्हणून वापरता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं आहे. शेवटी काय ठरेल ते ठरेल. पण त्या संध्याकाळी लोकलमध्ये असलेल्यांच्या घरच्यांनी एकोणीस वर्षं जे धरून ठेवलं होतं ते एका सकाळी हातातून गेलं.

---

अनघा_कळवा | मंगळवार, सकाळी १०:४०

'चौथ्या दिवशीच बंद झाली.' हे कोणीतरी आजीला समजावून सांगायला हवं होतं. ती आता नाही.

---

विमुक्त_दिघा | मंगळवार, दुपारी ४:१५

एक प्रश्न कोणी विचारला नाही. उचलतात कोणाला?

आमच्या समाजावर इंग्रजांनी १८७१ मध्ये जन्मजात गुन्हेगार म्हणून कायद्याने शिक्का मारला. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला निघाला, कागदावर. आमच्या वस्तीत आजही दरोडा कुठेही पडो, पहिली गाडी आमच्याकडे येते.

अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल प्रत्येकाने वाचावा. नाशिकजवळ २००३ साली एका गरीब कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००६ मध्ये सगळ्यांना फाशी. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. पुढे कळलं की त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहाही निर्दोष आहेत. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या फोटोंच्या वहीतून सुरुवातीलाच दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांचा तपासच झाला नाही. सोळा वर्षं गेली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई.

सोळा वर्षांचे पाच लाख. महिन्याचे किती होतात, हिशेब करून पाहा.

---

कडक_चहा | मंगळवार, संध्याकाळी ६:००

हिशेब केला. महिन्याला सव्वीसशे रुपये.

मी काल जे लिहिलं ते मागे घेतो. सगळं नाही. गुन्हेगार पुराव्याअभावी सुटतात, त्याचा राग मला अजूनही आहे. पण 'मी नाही सांगणार' हे मी उगाच छातीठोकपणे म्हणालो. सकाळपासून विचार करतोय की माझ्या मुलाला कोणी तीन रात्री झोपू दिलं नाही तर तो काय म्हणेल.

---

ऐरोली_हामामात्सु | मंगळवार, रात्री १०:३०

मी कंपनीच्या कामासाठी काही वर्षं जपानमध्ये हामामात्सुला होतो. इवाओ हाकामादा आणि त्यांची बहीण हिदेको त्याच शहरात राहतात, म्हणून ही हकीकत मला तिथे कळली. थोडं लांब लिहितो.

हाकामादा पूर्वी मुष्टियोद्धे होते, नंतर मिसोच्या कारखान्यात कामाला लागले. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला गोळा, तिथे रोजच्या सूपमध्ये घालतात. १९६६ मध्ये कारखान्याच्या एका अधिकाऱ्याच्या कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, घर पेटवून दिलं. हाकामादांना पकडलं. रोज दहा-बारा तास चौकशी. विसाव्या दिवशी त्यांनी कबूल केलं. कोर्टात उभं राहिल्यावर सांगितलं की मी हे केलेलं नाही, आणि मग आयुष्यभर तेच सांगत राहिले.

आता पंचनाम्याचं ऐका. गुन्ह्यानंतर एक वर्ष दोन महिन्यांनी कारखान्याच्या मिसोच्या टाकीत रक्ताळलेले कपडे 'सापडले'. १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती पँट हाकामादांना चढवून पाहिली, चढली नाही, तरीही शिक्षा कायम राहिली. पुढे प्रयोग करून दाखवलं गेलं की वर्षभर मिसोत मुरलेलं रक्त लाल राहत नाही, काळपट होतं. त्या कपड्यांवरचे डाग लालसर होते. ज्या तीन न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली, त्यातल्या एकाने २००७ मध्ये पुढे येऊन सांगितलं की मला तेव्हाच हा माणूस निर्दोष वाटत होता, पण बाकी दोघांपुढे माझं मत टिकलं नाही.

जपानमध्ये फाशी कोणत्या दिवशी हे कैद्याला त्याच सकाळी सांगतात. म्हणजे रोज सकाळी पावलांचा आवाज ऐकत बसायचं. या माणसाने तीन दशकांहून जास्त काळ ते ऐकलं. त्यांचं मन त्यात मोडलं. २०१४ मध्ये बाहेर आले. २६ सप्टेंबर २०२४ ला कोर्टाने निर्दोष ठरवलं आणि पुरावा तपास यंत्रणेनेच रचला होता असं म्हटलं. ते तेव्हा ८८ वर्षांचे होते. भरपाई २१ कोटी येनपेक्षा जास्त मिळाली.

हिदेको त्या दिवशी ९१ वर्षांच्या होत्या. सगळं आयुष्य त्यांनी भावासाठी घालवलं. निर्दोष सुटणाऱ्या प्रत्येकाच्या मागे असं कोणीतरी असतं का? खोपटकरांच्या त्या मुलाच्या मागे कोणी होतं का?

---

खोपटकर | मंगळवार, रात्री ११:२०

होतं. त्याची आई. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. पिशवीत डबा होता. मी साक्ष देऊन बाहेर आलो तेव्हा तिने मला हात जोडले. मी कोणत्या बाजूचा साक्षीदार हे तिला कळलं नसावं.

---

सानपाडा_१७ | बुधवार, दुपारी १:१०

काका, ताई, मला तातडीने विचारायचं आहे. मी नवी मुंबईत सरकारी नोकरीत आहे, दीड वर्षं झालं. उद्या मला एका गंभीर गुन्ह्यात पंच म्हणून बोलावलंय, लेखी पत्र आलंय. हा धागा वाचून रात्रभर झोप नाही. नाही म्हणू का?

---

कोर्टनाका | बुधवार, दुपारी १:४५

नाही म्हणू नकोस. लेखी बोलावणं असताना विनाकारण नकार देणं हा गुन्हा ठरू शकतो. आणि खरं सांगू, तुझ्यासारखाच पंच हवा. खटल्याबद्दल इथे एक अक्षरही लिहू नकोस, नाव, जागा, काही नाही.

गेल्यावर आधी विचार की आरोपी कुठे आहे आणि तो काय सांगतोय. कागद आधीच लिहून ठेवलेला असेल तर नम्रपणे सांग, 'मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे, मग लिहू.' तो ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत, त्याच्याच शब्दांत लिहायला सांग. वाट तो दाखवतोय की दुसरं कोणी, याकडे लक्ष दे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण बंधनकारक आहे. निवेदनाच्या वेळीही करा, असं तू सुचवू शकतोस. सही करण्याआधी पूर्ण वाच. न घडलेलं काही असेल तर दुरुस्त करून घे, दुरुस्तीवर सह्या घ्या. आणि घरी आल्यावर तारीख-वेळेसह आपल्या वहीत आठवेल तेवढं लिहून ठेव. साक्ष तीन वर्षांनी होईल.

इतर वाचणाऱ्यांसाठी: घरातल्या कोणाला उचललं तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं बंधनकारक आहे, आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक लावा.

---

निवृत्त_खाकी | बुधवार, दुपारी २:३०

बाळा, घाबरू नको. आवाज चढवू नको, पण खालीही आणू नको. चांगला तपासी अधिकारी असेल तर त्याला तुझा राग येणार नाही. त्यालाही टिकणारा पंचनामा हवा असतो.

---

सानपाडा_१७ | शुक्रवार, सकाळी ६:२०

काल जाऊन आलो. खटल्याचं काही लिहीत नाही.

कागद तयार होता. मी म्हणालो, मला ऐकायचं आहे. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग तपासी अधिकारी, बाई होत्या, म्हणाल्या, "बरोबर आहे यांचं, नवा कागद घ्या." आरोपी हिंदीत बोलला, हळू, मध्ये मध्ये थांबून. तसंच लिहिलं. एका ओळीत तो न बोललेला शब्द आला होता, तो खोडून त्याचा शब्द घातला आणि तिथे आम्ही दोघा पंचांनी सह्या केल्या. मोबाईलवर चित्रीकरण झालं. गाडीत तो पुढे बसून उजवीकडे, डावीकडे सांगत होता. एकदा चुकला, गाडी मागे घ्यावी लागली.

दोन तासांचं काम साडेपाच तास चाललं. निघताना त्या बाई म्हणाल्या, कोर्टात हेच सांगा, कमी नको, जास्त नको. घरी येऊन वहीत अकरा पानं लिहिली.

---

खोपटकर | शुक्रवार, सकाळी ७:०५

वाचलं. गाडी मागे घ्यावी लागली, ते पुन्हा एकदा वाचलं.

तुझ्याबरोबरचे दुसरे पंच कोण होते? त्यांचा फोन नंबर घेऊन ठेव, अधूनमधून बोलत जा त्यांच्याशी. माझ्याबरोबरचे दुसरे पंच गेल्या पावसाळ्यात वारले. एकाच इमारतीत, वरखाली मजल्यांवर आम्ही वीस वर्षं नोकरी केली. त्या दिवसाबद्दल आम्ही एकमेकांशी कधीच बोललो नाही.